दैनंदिन वापरातील कपडे आणि धुण्याची वारंवारता : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : अंगावर घातलेला प्रत्येक कपडा त्याच दिवशी धुवावा, की दोन-तीन वेळा वापरून मग धुवावा, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. प्रत्यक्षात त्याचा संबंध त्वचेच्या आरोग्याशी, तंतूंच्या गुणधर्मांशी, पाण्याच्या उपलब्धतेशी आणि घरातील श्रमविभागणीशी आहे. प्रस्तुत लेखात या चारही अंगांनी प्रश्नाचा विचार करून दैनंदिन वापरासाठी काही निकष मांडले आहेत.

बीजशब्द : वस्त्रस्वच्छता, घाम, तंतू, सूक्ष्मजीव, पाणीवापर, घरगुती श्रम.

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. वस्त्राची निवड, वस्त्राचा इतिहास आणि वस्त्रोद्योग यांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र एकदा घडी मोडलेला कपडा पुन्हा केव्हा धुवावा, याविषयी शास्त्रीय दृष्टीने क्वचितच लिहिले जाते. बहुतेक घरांत हा निर्णय सवयीने होतो. काही कुटुंबांत संध्याकाळी घरी आल्याबरोबर अंगावरचे सर्व कपडे धुण्याच्या बादलीत पडतात. काही ठिकाणी तीच पँट आठवडाभर खुंटीवर टांगलेली असते. पहिल्या सवयीस स्वच्छता व दुसरीस आळस असे नाव देऊन विषय संपविला जातो. वस्तुतः दोन्ही सवयींत काही योग्य व काही अयोग्य आहे. ते वेगळे करून पाहणे हा या लेखाचा उद्देश होय.

१. सोवळे, पारोसे आणि स्वच्छ

महाराष्ट्रीय समाजात कपड्याच्या शुद्धतेची कल्पना प्रथम धार्मिक आचारातून रुजली. स्नानापूर्वीचे, अंगावर राहिलेले वस्त्र ते पारोसे. धुऊन, कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून उंच वलणीवर काठीने वाळत घातलेले वस्त्र ते सोवळे. या व्यवस्थेत लक्षात घेण्याजोगी एक गोष्ट अशी की सर्व वस्त्रांना एकच नियम नव्हता. सुती धोतर किंवा लुगडे रोज धुतल्याशिवाय सोवळ्यात चालत नसे, मात्र रेशमी कद व लोकरीची धाबळी रोज न धुताही सोवळ्याची मानली जात असे. या भेदामागील भूमिका धार्मिक होती, शास्त्रीय नव्हे. तरीही सूत, रेशीम व लोकर यांना एकाच मापाने मोजू नये, हा व्यवहार त्यातून रूढ झाला होता.

या कल्पनेची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. कपडे धुण्याचे काम गावगाड्यात परीट या बलुतेदाराकडे होते आणि त्याचा मोबदला धान्याच्या रूपाने मिळे. म्हणजे एकाच्या स्वच्छतेसाठी लागणारे श्रम दुसऱ्याच्या वाट्याला नेमून दिलेले होते. याच परीट समाजात जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हाती खराटा घेऊन स्वच्छतेस सार्वजनिक कार्याचे रूप दिले, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दुसरीकडे, ज्या समाजघटकांना सार्वजनिक पाणवठाच बंद होता त्यांच्याकडून स्वच्छ वस्त्राची अपेक्षा करणे हा केवळ अन्याय होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने पाण्याचा हक्क मागितला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, मात्र ते स्वच्छ असावे, अशा आशयाचा उपदेश केला. स्वच्छ कपडा ही आत्मसन्मानाची खूण आहे, हे त्यातून स्पष्ट होते. म्हणून ‘कमी वेळा धुवा’ असा सरसकट सल्ला देताना तो कोणाला दिला जात आहे याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

२. कपडा मळतो म्हणजे काय होते?

कपडा दोन बाजूंनी मळतो. बाहेरून धूळ, धूर, खडूची भुकटी, अन्नाचे डाग इत्यादी लागतात. आतून घाम, त्वचेतील तेलकट द्रव्य व त्वचेच्या मृत पेशी चिकटतात. बाहेरचा मळ डोळ्यांना दिसतो, तर आतला मळ बहुधा वासावरून कळतो.

मानवी शरीरावर सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यांपैकी बहुसंख्य ग्रंथींतून स्रवणारा घाम म्हणजे पाणी व अल्प प्रमाणात क्षार. काखेसारख्या भागांतील वेगळ्या प्रकारच्या ग्रंथींतून प्रथिने व स्निग्ध द्रव्ये असलेला स्राव बाहेर पडतो. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवर कायम वस्ती करणारे कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकोकस इत्यादी जिवाणू या स्रावाचे विघटन करतात आणि त्यातून आंबूस वासाची द्रव्ये तयार होतात. हेच जिवाणू कपड्यावर येतात व ओलावा मिळाल्यास तेथेही वाढतात.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की कपडा किती तास घातला यापेक्षा तो शरीराच्या कोणत्या भागाला चिकटून होता, हे अधिक महत्त्वाचे आहे. बनियन आणि त्यावरचा सैल शर्ट एकाच वेळी अंगात असले, तरी दोहोंवरील मळ सारखा नसतो. दुसरी अशी की कपड्यावर जिवाणू असणे ही स्वतःहून रोगाची अवस्था नव्हे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात २०११ साली सुमारे १५ महिने न धुता वापरलेल्या एका जीन्सची तपासणी करण्यात आली. नंतर ती धुऊन पुन्हा सुमारे दोन आठवडे वापरण्यात आली. दोन्ही वेळी आढळलेल्या जिवाणूंच्या संख्येत फारसा फरक नव्हता. हा एकाच व्यक्तीवरील व थंड हवामानातील प्रयोग असल्याने त्यावरून मुंबई वा रत्नागिरीच्या उकाड्यासाठी नियम काढता येणार नाही. तथापि निरोगी व्यक्तीच्या जाड बाह्यवस्त्रावरील जिवाणूसंख्या दिवसागणिक अमर्याद वाढत जाते, हा समज त्यामुळे ढिला होतो.

३. तंतूंचा स्वभाव

प्रमाण हवामानात, म्हणजे ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना, कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के, रेशीम ११ टक्के, तर लोकर १६ टक्क्यांच्या आसपास बाष्प शोषून धरते. पॉलिस्टरच्या बाबतीत हे प्रमाण केवळ ०.४ टक्के आहे. कापूस घाम तंतूच्या आत घेतो. पॉलिस्टर पाणी घेत नाही, मात्र त्याला तेलकट द्रव्यांचे आकर्षण असते. त्यामुळे घामातील स्निग्धांश पॉलिस्टरच्या पृष्ठभागावर चिकटून राहतो व साध्या धुण्याने पूर्णतः निघत नाही.

बेल्जियममधील घेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६ व्यक्तींना तासभर व्यायाम करावयास लावून त्यांचे शर्ट तपासले होते. सुती शर्टांच्या तुलनेत पॉलिस्टरच्या शर्टांना अधिक उग्र व अप्रिय वास आला आणि मायक्रोकोकस या जिवाणूची वाढ पॉलिस्टरवर विशेषत्वाने दिसून आली. लोकरीचे तंतू बाष्प व गंधद्रव्ये आत धरून ठेवतात. म्हणूनच स्वेटर वा शाल हवेवर टाकल्यास पुन्हा वापरण्याजोगी होते.

आपल्याकडील व्यवहाराला हा भेद थेट लागू पडतो. शाळेचे गणवेश, रक्षकांचे पोशाख आणि कार्यालयात वापरले जाणारे बरेचसे शर्ट टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिस्टर व कापूस यांच्या मिश्रणाचे असतात. ते चुरगळत नाहीत, लवकर वाळतात आणि टिकतात. या गुणांमुळे ते दोन-तीन दिवस घालता येतील असे वाटते. परंतु वासाच्या दृष्टीने तेच लवकर धुवावे लागतात. याउलट खादीचा सदरा एका दिवसात चुरगळून मळका दिसू लागतो, पण काख व गळा वगळता तो तितका मळलेला नसतो. चुरगळणे व मळणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवर इस्त्री पुरते, दुसरीसाठी पाणी लागते.

४. धुण्याची किंमत : कपडा आणि पाण्याचे प्रवाह

प्रत्येक धुण्यात कपड्याची थोडी झीज होते. चोळणे, आपटणे, पिळणे आणि यंत्रातील घर्षण यांमुळे तंतू तुटतात. यंत्राच्या जाळीत साठणारा लगदा हा कपड्याचाच अंश असतो. रंग फिका होणे, कॉलर विरणे हे परिणाम वापराइतकेच धुण्याचेही असतात.

कृत्रिम तंतूंच्या बाबतीत ही झीज घराबाहेर जाते. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ सालच्या अभ्यासानुसार ६ किलो कपड्यांच्या एका धुण्यातून अॅक्रिलिकचे ७ लाखांहून अधिक, पॉलिस्टरचे सुमारे ४ लाख ९६ हजार, तर पॉलिस्टर-कापूस मिश्रणाचे सुमारे १ लाख ३८ हजार सूक्ष्म तंतू सुटू शकतात. समुद्रात जाणाऱ्या प्राथमिक सूक्ष्मप्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून येते, असा अंदाज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या २०१७ सालच्या अहवालात दिला आहे. जेथे सांडपाणी प्रक्रियेविना नाल्यात व नदीत जाते, तेथे हा प्रश्न अधिकच थेट होतो.

अपमार्जकांचाही विचार येथे करावा लागतो. पूर्वी रिठा, राख, खारी माती व सोडा यांनी कपडे धुतले जात. १९५९ साली सर्फ व १९६९ साली निरमा बाजारात आल्यानंतर धुण्याची भुकटी क्रमाने सामान्य घरांत पोहोचली. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी भूजल कठीण असते. अशा पाण्यात साध्या साबणाचा फेस न होता चोथा बनतो, त्यामुळे भुकटीचा स्वीकार झाला हे स्वाभाविकच होय. मात्र अधिक भुकटी म्हणजे अधिक स्वच्छता हा समज चुकीचा आहे. प्रमाणाबाहेर वापरलेली भुकटी खंगाळण्यासाठी जादा पाणी घेते आणि तंतूंत उरल्यास कपडा कडक करते व संवेदनशील त्वचेला त्रास देते.

५. पाणी आणि श्रम

भारतीय मानक संस्थेच्या मानकानुसार शहरी घरगुती वापरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. त्याच्या रूढ विभागणीत २० लिटर कपडे धुण्यासाठी आहेत. पाच माणसांच्या कुटुंबास हे पाणी दररोज १०० लिटर होते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई ५५ लिटर हे प्रमाण निश्चित करण्यात आले. शहरी मापाने कपडे धुतल्यास ग्रामीण व्यक्तीच्या वाट्याचे एक तृतीयांशाहून अधिक पाणी केवळ धुण्यात जाईल. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा काळात ‘रोज धुवावे’ हा नियम पाळणे अशक्य ठरते आणि काय आधी धुवावे याचा विवेक करावा लागतो.

येथे साधे गणित पुरेसे आहे. महिन्यात २४ कामाचे दिवस धरल्यास, रोज धुतली जाणारी पँट २४ वेळा धुतली जाते. तीच तीन वेळा वापरून धुतल्यास ८ धुणी पुरतात. कुटुंबातील दोन नोकरदारांचा हिशेब केला तर महिन्याला ३२ जाड कपड्यांचे धुणे वाचते.

वाचणारी गोष्ट केवळ पाणी नव्हे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. भिजवणे, घासणे, खंगाळणे, पिळणे, वाळत घालणे, घड्या करणे हा त्या वेळेचा एक भाग होय. मध्यमवर्गीय घरांत हे काम धुणे-भांडी करणाऱ्या बाईंकडे जाते. कपडा बादलीत टाकणारा एक आणि तो पिळणारा दुसरा, ही बलुतेदारी काळातील रचना या अर्थाने पूर्णपणे संपलेली नाही. कपडा धुवावयाचा की नाही हा निर्णय घेणाऱ्यास स्वतः तो धुवावा लागत नसेल, तर धुण्याची वारंवारता वाढत जाणे साहजिक आहे.

६. वाळवणे : दुर्लक्षित बाजू

धुणे व वाळवणे मिळून एकच क्रिया पूर्ण होते. थंड पाण्यात साबण लावून धुतल्याने बराचसा मळ व बरेच जिवाणू निघून जातात, पण सर्व जात नाहीत. उरलेल्यांची वाढ रोखण्याचे काम जलद वाळण्याने होते. जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले की धुतलेल्या कपड्यांना ओलसर अवस्थेत येणाऱ्या कुबट वासास मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू कारणीभूत असतो. म्हणजे पावसाळ्यात रोज धुतलेला, पण दोन दिवस घरात दमट राहिलेला शर्ट हा न धुतलेल्या कोरड्या शर्टापेक्षा अधिक स्वच्छ असेलच असे नाही.

शासकीय योजनेतून विद्यार्थ्यास सामान्यतः गणवेशाचे दोन संच मिळतात. कोकणातील जुलै महिन्यात एक संच अंगात व दुसरा वलणीवर ओला, अशी स्थिती असते. अशा वेळी मूल अर्धवट ओल्या गणवेशात शाळेत येते. गेल्या दशकात भारतात गजकर्णासारखे चिवट बुरशीजन्य त्वचारोग वाढल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. दमट व घट्ट कपडे अशा संसर्गास पोषक ठरतात. शिक्षकाने मळक्या गणवेशाबद्दल विद्यार्थ्यास बोलण्यापूर्वी तो वाळण्याची सोय घरी आहे काय, याची चौकशी करणे अधिक उचित ठरेल.

७. वारंवारतेचे निकष

वरील विवेचनावरून कपडा धुण्याचा निर्णय चार प्रश्नांवर आधारता येतो : तो त्वचेच्या कोणत्या भागास चिकटून होता? तो कोणत्या तंतूचा आहे? त्या दिवशीचे हवामान व काम कसे होते? आणि तो धुतल्यावर नीट वाळेल काय? या प्रश्नांच्या आधारे निरोगी व्यक्तीसाठी पुढील मार्गदर्शन करता येते.

(अ) अंतर्वस्त्रे, बनियन व मोजे प्रत्येक वापरानंतर धुवावेत. पाणीटंचाईतही प्रथम पाणी यांनाच द्यावे.

(आ) काखेला लागणारे शर्ट, ब्लाउज, कुर्ते उन्हाळ्यात व दमट हवेत रोज धुवावेत. हिवाळ्यात आत बनियन असल्यास व घाम आला नसल्यास सुती शर्ट दोनदा वापरता येतो. साडी व ब्लाउज यांना एकच नियम लावू नये. ब्लाउज रोज धुवावा, तर साडी हवेवर टाकून दोन-तीनदा नेसता येते. खळ केलेल्या सुती साडीस हे विशेष लागू आहे.

(इ) पँट व जीन्स डाग नसल्यास तीन ते पाच वेळा, तर स्वेटर, शाल व कोट त्याहूनही अधिक वेळा वापरण्यास हरकत नाही. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका जीन्सच्या संपूर्ण आयुष्यात सुमारे ३,७८१ लिटर पाणी लागते व त्यातील जवळजवळ चौथा हिस्सा ग्राहकाच्या धुण्याचा असतो, असे नमूद आहे. हा हिस्सा कमी करणे ग्राहकाच्याच हाती आहे.

(ई) झोपतानाचे कपडे रात्री स्नान करणाऱ्याने तीन-चार वेळा वापरावेत. इतरांनी त्याहून लवकर धुवावेत.

हे निकष अमलात यावयाचे तर घरात एक साधी सोय लागते. बहुतेक कपाटांत स्वच्छ कपड्यांची जागा असते आणि न्हाणीघरात मळक्यांची बादली असते. एकदा वापरलेल्या परंतु न मळलेल्या कपड्यास मात्र जागा नसते. परिणामी तो खुर्चीच्या पाठीवर पडतो अथवा नाइलाजाने बादलीत जातो. जुन्या घरांतील खुंट्या व दांड्या हीच गरज भागवीत होत्या. हवेशीर जागी टांगलेला असा कपडा दुसऱ्या दिवशी वापरण्यायोग्य राहतो. तो धुतलेल्या घड्यांत मिसळू नये, एवढे पथ्य पाळावे.

८. जेथे सूट नाही

काही परिस्थितींत वरील सवलती लागू होत नाहीत. रुग्णालयात काम करणाऱ्यांचे कपडे, आजारी व्यक्तीचे कपडे आणि त्वचारोग असलेल्यांचे कपडे प्रत्येक वापरानंतर धुवावेत. खरजेच्या रुग्णाचे कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे लागते. बुरशीजन्य संसर्ग असल्यास रुग्णाचे कपडे व पंचा घरातील इतरांच्या कपड्यांपासून वेगळे ठेवावेत.

सर्वांत गंभीर अपवाद कीटकनाशक फवारणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेकांचे प्राण गेले. अंगावरील भिजलेल्या कपड्यातून विष त्वचेद्वारे शरीरात जाते, त्यामुळे हा कपडा घरी येताच काढावा, त्याच दिवशी स्वतंत्र बादलीत धुवावा आणि धुणाऱ्या व्यक्तीने हातमोजे वापरावेत. तो कपडा दुसऱ्या दिवशी तसाच घालणे जितके घातक, तितकेच तो मुलांच्या कपड्यांबरोबर भिजत घालणेही घातक आहे. या कपड्याच्या बाबतीत डोळ्यांना दिसणारा मळ वा वास यांपैकी कोणतीच खूण पुरेशी नसते.

निष्कर्ष

१. कपडे धुण्याची वारंवारता दिवसांवर न ठरविता त्वचेशी संपर्क, तंतू, घाम व वाळण्याची सोय यांवर ठरविणे सयुक्तिक आहे.

२. अंतर्वस्त्रे व काखेला लागणारे कपडे यांबाबत काटकसर करू नये. बाह्यवस्त्रांबाबत मात्र रोजच्या धुण्याची आवश्यकता बहुधा नसते.

३. टेरिकॉट व पॉलिस्टरचे कपडे लवकर धुवावे लागतात आणि त्यांच्या धुण्यातूनच सूक्ष्म प्लास्टिक तंतू सुटतात. त्यामुळे उष्ण हवामानात कापसाची निवड दोन्ही दृष्टींनी हितकारक ठरते.

४. अनावश्यक धुण्याचा भार पाण्यावर व प्रामुख्याने स्त्रियांच्या श्रमावर पडतो. घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीने आपले कपडे स्वतः धुतल्यास धुण्याची गरज व सवय यांतील फरक आपोआप कळू लागेल.

समारोप

स्वच्छ कपडा हा एकेकाळी जातीने दिलेला किंवा नाकारलेला अधिकार होता. आज तो सर्वांचा अधिकार आहे, पण त्यासाठी लागणारे पाणी सर्वांना समान उपलब्ध नाही. ज्याच्या नळास चोवीस तास पाणी आहे त्याने दोन धुणी कमी केली, तर त्याची स्वच्छता उणावत नाही. ज्याच्या घरी आठवड्यातून एकदा टँकर येतो, त्याच्या मुलाचा गणवेश मात्र त्या पाण्यावाचून मळकाच राहतो. महाविद्यालयांतील गृहविज्ञान, राष्ट्रीय सेवा योजना व पर्यावरण अभ्यास या विषयांच्या माध्यमातून हा विचार विद्यार्थ्यांपर्यंत, आणि त्यांच्यामार्फत घरोघरच्या न्हाणीघरापर्यंत पोहोचविता येईल.